ग्राफिक आणि इंटिरियर डिझाइनचा कोर्स: फी भरण्याआधी काय पाहावे?

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की देवणीत आमच्या घरी संध्याकाळी पालक येऊ लागतात. हातात गुणपत्रिकेची झेरॉक्स असते, आणि हल्ली तिच्यासोबत एखादे रंगीत पत्रकही असते. दोन वर्षांपूर्वी असेच एक पालक आले. घरे रंगवण्याचे काम करतात. मुलगी कला शाखेतून बारावी पास झालेली. पत्रकावर लिहिले होते, ‘ग्राफिक + इंटिरियर डिझाइन, 1 वर्ष, 100 टक्के जॉब’. फी 60 हजार. ते म्हणाले, “सर, बच्ची का दिल है. डालूं क्या?”

आम्ही त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. त्याला कारण होते. त्याआधी आमच्याच एका विद्यार्थिनीने दुसऱ्या शहरातल्या अशा एका संस्थेत 45 हजार रुपये भरले होते. सर्टिफिकेट सुंदर होते, सोनेरी शिक्का, जाड कागद. पुढे एका जागेसाठी तिने अर्ज केला, तिथे मान्यताप्राप्त पदविका मागितली होती. कागदपत्रे तपासताना तिचा अर्ज बाजूला पडला. संस्थेने सर्टिफिकेट स्वतःच छापलेले होते. खोटे बोलले असे म्हणता येणार नाही; पत्रकावर कुठेही ‘मान्यताप्राप्त’ लिहिलेले नव्हते. आम्ही पालकांनी आणि शिक्षकांनी विचारले नव्हते, एवढेच.

त्या आठ दिवसांत आणि त्यानंतर आम्ही जे गोळा केले, ते इथे मांडतो आहोत. लहान करिअर कॉलेज वाईटच असते असे आमचे म्हणणे नाही. उदगीर, लातूर, नांदेडच्या एखाद्या माडीवर चाललेल्या, पंधरा कॉम्प्युटरच्या संस्थेतून चांगले हात तयार झालेले आम्ही पाहिले आहेत. पण तिथून आपण काय घेऊन बाहेर पडणार, हे आधी कळले पाहिजे.

दोन वेगळी कामे आहेत

पत्रकात दोन्ही नावे एका ओळीत असली तरी ग्राफिक आणि इंटिरियर ही दोन स्वतंत्र कामे आहेत. दोन्हींचा पाया एकच, म्हणजे चित्रकला, भूमिती, रंगांची जाण. पुढे वाटा फुटतात.

ग्राफिक डिझाइन म्हणजे अक्षर आणि चित्र यांची मांडणी. लग्नाचा रुक्का, दुकानाचा बोर्ड, फ्लेक्स, मसाल्याच्या पाकिटाचे वेष्टन, शाळेचे वार्षिक, मोबाइलवर फिरणारी जाहिरात, पुस्तकाचे मुखपृष्ठ हे सगळे त्यात येते. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, कोरलड्रॉ ही त्याची अवजारे. पण अवजार चालवता येणे आणि काम येणे यात अंतर आहे. पडद्यावर दिसणारा रंग लाल-हिरवा-निळा यांच्या मिश्रणातून बनतो, छापखान्यात तो सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा या चार शाईंतून बनतो. हे माहीत नसलेल्या मुलाचा मोबाइलवर झळकणारा हिरवा रंग कार्डावर मळका उतरतो आणि पाचशे कार्डे वाया जातात. हातात धरून वाचायच्या छपाईला फोटो साधारण 300 डीपीआयचा लागतो, दुरून पाहायच्या फ्लेक्सला त्याहून बराच कमी चालतो. कागद कापताना कड पांढरी राहू नये म्हणून चारही बाजूंनी 3 मिलिमीटर जादा रंग सोडायचा असतो. ज्या संस्थेत हे शिकवत नाहीत तिथे फक्त बटणे शिकवतात असे समजावे.

इंटिरियर डिझाइन म्हणजे घराच्या किंवा दुकानाच्या आतल्या जागेची आखणी. लोकांना वाटते पीओपीचे सिलिंग आणि त्यातले निळे दिवे म्हणजे इंटिरियर. खरे काम टेपने सुरू होते. स्वयंपाकाचा ओटा किती उंच हवा, हे उभे राहून भाकरी थापणाऱ्या बाईच्या कोपराच्या उंचीवर ठरते. म्हणून तो बहुधा 32 ते 34 इंचांच्या आसपास ठेवतात. कपड्यांचे कपाट 2 फूट खोल लागते, नाहीतर हँगर आडवा बसत नाही. प्लायचा शीट 8 बाय 4 फुटांचा, म्हणजे 32 चौरस फूट; त्यातून तुकडे कसे काढले तर कमीत कमी वाया जाईल हे कागदावर आधी मांडता आले पाहिजे. प्लायवर भारतीय मानकाचा क्रमांक असतो. 303 म्हणजे साधा वापर, 710 म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. सिंकखाली कोणता लावायचा हे डिझायनरने सांगायचे असते, दुकानदाराने नाही.

त्या पेंटर पालकांना आम्ही सहज विचारले, 10 बाय 12 ची खोली, उंची 10 फूट, एक दार, एक खिडकी, रंगवायची भिंत किती? त्यांनी क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाले, “चार सौ के ऊपर थोडा.” आम्ही कागदावर केले. चार भिंती मिळून 440 चौरस फूट, 3 बाय 7 चे दार आणि 4 बाय 4 ची खिडकी वजा केली की 403. कॉलेजमध्ये पहिल्या सहामाहीत जे अंदाजपत्रक शिकवतात, ते या माणसाच्या डोक्यात आहे. आपल्या समाजात रंगकाम, सुतारकाम, फरशी, वेल्डिंग, पीओपी करणारी घरे किती आहेत ते मोजायला बसायची गरज नाही. त्यांच्या मुलामुलींनी हे शिकायचे ठरवले तर अर्धी शाळा घरातच आहे. कमी पडतो तो नकाशा, हिशेब लिहून काढण्याची सवय, आणि कागद.

एक गोष्ट मात्र स्पष्ट ठेवावी. इंटिरियर डिझायनर म्हणजे आर्किटेक्ट नाही. 1972 च्या वास्तुविशारद कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ ही पदवी लावण्यासाठी पाच वर्षांचा बी.आर्क. आणि कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरियरसाठी अशी सक्तीची नोंदणी नाही, त्यामुळे कोणीही पाटी लावू शकतो. हाच या व्यवसायाचा मोकळेपणा आणि हाच धोका. आपल्या भागात तर हा धोका विसरून चालणार नाही. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचा जाड थर असलेली माळवदे माणसांवर कोसळली. जवळजवळ दहा हजार माणसे गेली. हॉल मोठा दिसावा म्हणून मधली भिंत पाडायला सांगणारा डिझायनर आधी इंजिनिअरला विचारतो का, हे आमच्या मते त्याच्या शिक्षणाचे पहिले माप आहे.

सर्टिफिकेटवर सही कोणाची?

पदवी कोण देऊ शकते हे 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 मध्ये लिहिलेले आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, किंवा संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. बाकी कोणी नाही. लातूर, नांदेड, परभणी, हिंगोली या जिल्ह्यांसाठी विद्यापीठ म्हणजे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, स्थापना 1994. कॉलेजवाले म्हणाले की आमची डिग्री आहे, तर त्या कॉलेजचे नाव विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांच्या यादीत आहे का आणि तोच कोर्स तिथे मंजूर आहे का, दोन्ही पाहायचे. कॉलेज मंजूर आणि कोर्स नामंजूर असेही असते.

दुसरा प्रकार जास्त फसवा आहे. संस्था उदगीरची किंवा लातूरची, आणि डिग्री कुठल्यातरी परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची. ‘परीक्षा इथेच, फक्त सर्टिफिकेट तिकडून येईल’ असे सांगतात. खासगी विद्यापीठांना कॉलेजे संलग्न करता येत नाहीत आणि फ्रँचायझी देऊन डिग्री वाटता येत नाही, ही आयोगाची भूमिका आहे. दूरशिक्षणाने डिग्री असेल तर त्या वर्षासाठी त्या कोर्सला आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता लागते. आयोगाच्या संकेतस्थळावर बोगस विद्यापीठांची यादीही असते. मोबाइलवर पाच मिनिटांचे काम आहे.

तीन वर्षांची तांत्रिक पदविका महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ देते. आयटीआयचे प्रमाणपत्र राष्ट्रीय पातळीवर चालते. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षांचे छोटे कोर्स राज्याच्या कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाच्या मान्यतेने चालतात. अशा संस्थेला क्रमांक असतो, तो मागावा. एमकेसीएलच्या केंद्रांत एमएस-सीआयटीशिवाय डीटीपी आणि ग्राफिकचे ‘क्लिक’ कोर्सही मिळतात, त्याचे प्रमाणपत्र एमकेसीएलचे असते. आणि शेवटी संस्थेचे स्वतःचे सर्टिफिकेट. त्याला कायद्याने किंमत नसली तरी काम शिकायला ते निरुपयोगी आहे असे नाही. फक्त त्यासाठी 60 हजार द्यायचे की 12 हजार, हा प्रश्न आहे.

एक छोटी खूण आम्हाला एका हिशेबनीस मित्राने सांगितली. कायद्याने मान्य असलेल्या पदवी-पदविकेच्या शिक्षणाच्या फीवर जीएसटी लागत नाही. खासगी क्लास आणि स्वतःच्या कोर्सवर 18 टक्के लागतो. पावतीवर जीएसटी दिसला तर कोर्स बहुधा संस्थेचा स्वतःचा आहे. उलट मात्र धरू नये, कारण लहान संस्था उलाढाल कमी असल्याने जीएसटीत नसतातच.

आणि मूळ टीसी, मूळ गुणपत्रिका संस्थेकडे ठेवून यायच्या नाहीत. पडताळणी करा, साक्षांकित प्रत ठेवा, मूळ परत द्या असे शांतपणे सांगावे. मध्येच सोडायची वेळ आली तर हेच कागद अडकतात.

दहावीच्या आधीपासूनची वाट

खरे तर तयारी बारावीनंतर नाही, आठवीत सुरू व्हायला हवी. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा शाळेमार्फत देता येतात. त्यात वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती व अक्षरलेखन असे पेपर असतात. नीट पाहिले तर अक्षरलेखन आणि संकल्पचित्र म्हणजे ग्राफिकचा पाया, आणि भूमिती व यथार्थदर्शन म्हणजे इंटिरियरचा. इंटरमिजिएट पास झालेल्यांना दहावीत श्रेणीनुसार 7, 5 किंवा 3 जादा गुण मिळत आले आहेत. आपल्या उर्दू माध्यमाच्या कित्येक शाळांत चित्रकलेचे शिक्षक नाहीत म्हणून मुले बसतच नाहीत. जवळच्या मराठी शाळेच्या केंद्रावर बसता येते का, हे मुख्याध्यापकांनी विचारावे. आमच्या शाळेतून पहिल्या वर्षी चारच मुले बसली होती.

दहावीनंतर आयटीआयमध्ये ‘डेस्कटॉप पब्लिशिंग ऑपरेटर’ आणि ‘इंटिरियर डिझाइन अँड डेकोरेशन’ हे एकेक वर्षाचे ट्रेड आहेत, आणि ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ दोन वर्षांचा. प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक ट्रेड नसतो. प्रवेशाच्या संकेतस्थळावर जिल्हावार पाहावे. ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेला मुलगा नकाशा वाचतो, त्यामुळे इंटिरियरमध्ये तो पुष्कळांच्या पुढे जातो, असा आमचा अनुभव आहे. मुलींसाठी लातूरला शासकीय निवासी महिला तंत्रनिकेतन आहे. तिथल्या शाखा वेगळ्या असतील, पण हॉस्टेलसकट सरकारी जागा म्हणून चौकशी नक्की करावी.

बारावीनंतर, कोणत्याही शाखेतून, उपयोजित कलेचा चार वर्षांचा बी.एफ.ए. करता येतो. त्यासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची एएसी-सीईटी असते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, म्हणजे मुंबईलाच जावे लागते असे नाही. मुंबईचे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट 1857 पासून आहे. बी.डेस.साठी आयआयटी मुंबईकडून घेतली जाणारी युसीड, अहमदाबादच्या एनआयडीची डॅट, आणि निफ्टची परीक्षा. युसीडला कला शाखेचे विद्यार्थीही बसू शकतात, हे आमच्या इथल्या नव्वद टक्के पालकांना ऐकूनच आश्चर्य वाटते (टक्केवारी आमच्या अंगणातली आहे, सर्वेक्षणातली नाही). या परीक्षा अवघड आहेत, जागा थोड्या आहेत. पण अर्ज न करणे हे कारण नसावे. गणित-विज्ञान घेतलेल्यांसाठी आर्किटेक्चर आहे. आपल्या समाजाच्या संस्थांपैकी पुण्याच्या आझम कॅम्पसमधले अल्लाना कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आणि पनवेलचे अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस ही दोन नावे पालकांना माहीत असावीत.

तीन लिपींचा माणूस

आता आमच्या आवडीच्या मुद्द्यावर येतो. आपल्या भागात एका लग्नाचा रुक्का उर्दूत, मराठीत आणि कधी इंग्रजीतही लागतो. नातेवाईक बिदर, हैदराबादचे, गिऱ्हाईक आणि शेजारी इथले. छापणाऱ्याकडे मराठी येणारा मुलगा असतो, उर्दू येणारा नसतो. मग वलीम्याच्या मजकुरात नुक्ते गळतात, अक्षरे सुटी पडतात, डावीकडून उजवीकडे वाचल्यासारखी ओळ उलटी होते. तीनही लिपी नीट मांडू शकणारा डिझायनर उदगीर-देवणी पट्ट्यात बोटावर मोजण्याइतका आहे. आणि आपल्या घरातल्या मुलांना या तीनही लिपी वाचता येतात! हा फायदा कुठल्याही कॉलेजच्या पत्रकात लिहिलेला नसतो.

यासाठी थोडी माहिती असावी. उर्दू नस्तालिक शिकताना एकेकाळी कातिबाकडे वर्षानुवर्षे बसावे लागे. चेन्नईचे ‘द मुसलमान’ हे 1927 चे उर्दू दैनिक अलीकडच्या काळापर्यंत हाताने लिहून निघत आले. 1981 च्या सुमारास नूरी नस्तालिक संगणकावर आले आणि 1994 मध्ये दिल्लीत इनपेज तयार झाले, त्यानंतर छापखान्यांचे चित्र बदलले. आज इनपेज यावेच, पण त्यासोबत युनिकोड उर्दूही यावी, कारण मोबाइल आणि वेबसाइटला तीच लागते. गुगलचा नोटो नस्तालिक उर्दू हा फॉन्ट मोफत मिळतो.

मराठीचेही तसेच. आपल्या भागातले डीटीपीवाले अजून श्रीलिपीवर बसलेले आहेत. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे हे सॉफ्टवेअर, अक्षरे देखणी आहेत. पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर ईमेलने पाठवला की समोरच्याला अगम्य चिन्हे दिसतात. म्हणून युनिकोड आणि इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवतात का, हे विचारावे. आपण रोज पाहतो तो विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट आयआयटी मुंबईत शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी घडवला. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्ट मोफत आहेत. अच्युत पालव यांचे सुलेखन आणि कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची शीर्षके मुलांनी नुसती पाहत बसावे, त्याने डोळा तयार होतो.

उर्दू जाणणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे. राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषद, म्हणजे एनसीपीयूएल, देशभर केंद्रे देते. त्यात बहुभाषिक डीटीपीचा एक वर्षाचा संगणक डिप्लोमा आहे आणि सुलेखन व ग्राफिक डिझाइनचा कोर्सही आहे. फी खासगी कॉलेजच्या मानाने फारच कमी. केंद्रे दर काही वर्षांनी बदलतात, म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर चालू यादी पाहावी. गावातल्या अंजुमनने किंवा शाळेच्या संस्थेने अशा केंद्रासाठी अर्ज केला तर एका कॉलेजपेक्षा जास्त काम होईल, असे आम्हाला वाटते. अजून कोणी मनावर घेतलेले नाही.

आणि बिदर. देवणीहून सकाळी निघाले तर संध्याकाळी परत येता येते. महमूद गवानचा 1472 चा मदरसा मुलांना दाखवा. मिनारावर आणि भिंतीवर उरलेल्या रंगीत फरशांवरची अक्षरे पाहा, अक्षर आणि इमारत एकत्र कसे बसते ते तिथे कळते. बिदरी कामात जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी बसवतात आणि किल्ल्यातल्या जुन्या मातीच्या लेपाने पृष्ठभाग काळा करतात. कारागीर समोर बसून काम करतात. नकाशी कागदावरून धातूवर कशी उतरते हे पाहायला तिकीट लागत नाही.

काही पालक दबक्या आवाजात आणखी एक प्रश्न विचारतात. जिवंत प्राण्यांची चित्रे काढावी लागतात, मग हे शिकणे जायज आहे का? यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि आम्ही शिक्षक आहोत, मुफ्ती नाही. आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. एवढे सांगू शकतो की अक्षर, भूमिती, नकाशी, वेष्टन, घरांचे आराखडे यांतच माणसाची उमर जाईल इतके काम आहे. स्मरणचित्राच्या पेपरमध्ये मात्र बहुधा माणसे काढावी लागतात, हे आधी माहीत असावे. ज्यांना चित्राचीच वाट घ्यायची त्यांना आठवण असू द्या की पंढरपूरला जन्मलेले एम. एफ. हुसेन सुरुवातीला मुंबईत सिनेमाची होर्डिंगे रंगवत आणि पुढे लहान मुलांच्या खोल्यांचे फर्निचर व खेळणी डिझाइन करत. म्हणजे ग्राफिक आणि इंटिरियर, दोन्ही झाले.

कॉलेज पाहायला जाताना

फोनवर चौकशी करू नये, जावे. आणि काउन्सिलरशी बोलून परत येऊ नये. शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना भेटावे. त्यांनी स्वतः केलेले काम दाखवा म्हणावे. ज्याने कधी एक दुकान उभे केले नाही तो दुकानाचे इंटिरियर काय शिकवणार? गेल्या बॅचची मुले कुठे काम करतात, दोन नंबर द्या असे विचारावे. ‘100 टक्के जॉब’ लिहून देता का विचारले की बहुतेक ठिकाणी शब्द बदलून ‘जॉबसाठी मदत’ होतो. ते प्रामाणिक तरी आहे.

वर्ग चालू असताना डोकवावे. एका कॉम्प्युटरवर तीन मुले बसलेली असतील तर दोघे फक्त पाहतात. सॉफ्टवेअर परवान्याचे आहे का विचारायला संकोच वाटतो, पण विचारावे. चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकलेला मुलगा पुढे मोठ्या ऑफिसात अडचणीत येतो. पैसे नसतील तर इंकस्केप, गिम्प, ब्लेंडर ही पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर सॉफ्टवेअर आहेत, सराव त्यावर होतो. इंटिरियरसाठी ऑटोकॅड आणि स्केचअप शिकवतातच, पण महिन्यातून एकदा तरी चालू कामावर, म्हणजे साइटवर, नेतात का ते पाहावे. प्लायच्या दुकानात, छापखान्यात नेतात का? नेत नसतील तर ती कमतरता घरचे सुतार-पेंटर भरून काढू शकतात.

एआय आल्यावर हे काम राहील का, असेही विचारतात. साधे शुभेच्छांचे पोस्टर आता कोणीही मोबाइलवर करतो, तिथली कमाई कमी झालीच आहे. पण मशीनला सांगून उर्दूची एक शुद्ध ओळ किंवा मराठीची जोडाक्षरे चित्रात नीट उतरवून पाहा, अजून फजिती होते. आणि वाकडी भिंत टेपने मोजायला कोणालातरी जावेच लागते.

कोर्स संपताना हातात सर्टिफिकेटइतकीच महत्त्वाची वस्तू म्हणजे कामांची फाइल, पोर्टफोलिओ. आठ-दहा कामे पुरेत, पण स्वतःची, आणि प्रत्येकाचा विचार तोंडी सांगता येईल अशी.

त्या पेंटर पालकांच्या मुलीने 60 हजारांचा कोर्स घेतला नाही. उदगीरला सहा महिन्यांचा डीटीपीचा कोर्स घेतला, तीन हप्त्यांत फी भरली, आणि रविवारी अब्बांसोबत कामावर जाऊन खोल्यांची मापे वहीत उतरवू लागली. सुरुवातीला मोहल्ल्यात बोलले गेले. अम्मीने ते ऐकून घेतले आणि पुढच्या रविवारी डबाही दिला. तिच्या फाइलमधले पहिले पान मावसबहिणीच्या निकाहचा रुक्का आहे, तीन लिपींतला. त्यात उर्दूत वार चुकलेला आहे. तो तिने मुद्दाम तसाच ठेवला आहे, शेजारी दुरुस्त प्रत लावून. आता ती छापखान्यात अर्धवेळ बसते आणि बी.एफ.ए.च्या सीईटीची तयारी करते. यावर्षी जमले नाही तर पुढच्या वर्षी, असे म्हणते.

पैसा आणि कागद

शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त कोर्सलाच मिळते. संस्थेच्या स्वतःच्या कोर्सला काही नाही. म्हणून फीची तुलना करताना ‘60 हजार’ आणि ‘60 हजार वजा शिष्यवृत्ती’ असे दोन आकडे मांडावेत. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची राज्य शिष्यवृत्ती महाडीबीटी पोर्टलवर भरायची असते. 2024-25 पासून राज्याने 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शासकीय प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. मोमीन, बागवान, तांबोळी, पिंजारी, अत्तार अशा आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, पण कित्येक घरांत जातीचे प्रमाणपत्रच काढलेले नाही. आजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यापासून शोध सुरू करावा लागतो, वेळ लागतो. जात पडताळणी त्याहून जास्त वेळ घेते.

कर्जासाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज योजना आहे, जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. तिथेही पहिला प्रश्न कोर्सच्या मान्यतेचाच असतो. घरात सुतार किंवा गवंडी असतील तर त्यांच्यासाठी पीएम विश्वकर्मा ही वेगळी योजना आहे, 18 कारागिरांच्या व्यवसायांसाठी, अवजारांकरिता 15 हजारांपर्यंत मदत आणि 5 टक्के व्याजाने कर्ज.

रोज उदगीरला जाण्याचा खर्च पालक जास्त धरतात. मार्च 2023 पासून महिलांना एसटीचे तिकीट अर्धे आहे. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला त्याहून जास्त सवलत असते, त्यासाठी संस्थेचे बोनाफाईड लागते. स्वतःच्या कोर्सवाल्या संस्थेचे बोनाफाईड आगारात चालते का, ते प्रवेशाआधी आगारातच विचारून घ्यावे.

उत्पन्नाचा दाखला, रहिवास, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे निकालानंतर काढायला गेले की जून-जुलैत तहसीलला आणि सेतूत रांगा असतात. मे महिन्यातच अर्ज करावा. आधार बँक खात्याला जोडलेले आहे का तेही तेव्हाच पाहावे, कारण शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खाते न जोडल्याने पैसे न आलेल्या तीन मुली आमच्या एकाच वर्गात होत्या.